गिऱ्हाइकाच्या शोधात निघालेली चित्रे

1506 सालचा वसंत. न्यूरेम्बर्गचा चौतीस वर्षांचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर व्हेनिसमध्ये मुक्कामाला होता. तिथल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या चर्चसाठी एक मोठे वेदीचित्र रंगवण्यात तो गुंतला होता. लक्ष मात्र अधूनमधून घराकडे. विलिबाल्ड पिर्कहायमर या जिवलग मित्राला लिहिलेल्या पत्रांत थट्टामस्करी आहे, उधारीचा हिशेब आहे आणि मध्येच एक व्यवहारी निरोपही आहे : आईला सांग, पवित्र अवशेषांच्या यात्रेत विक्रीला बसायची तयारी ठेव; तोवर माझी बायको घरी पोचेल अशी व्यवस्था मी करतोच आहे.

ही न्यूरेम्बर्गची यात्रा दर वर्षी भरे. पवित्र रोमन साम्राज्याच्या ठेव्यातल्या पवित्र वस्तू लोकांना दाखवल्या जात आणि त्या पाहायला गावोगावचे भाविक लोटत. गर्दी आली की पाल आले, मालही आला. ड्यूररची आई बार्बारा या गर्दीत मुलाची चित्रे विकत असे. बायको आग्नेस तर फ्रांकफुर्टच्या मोठ्या जत्रेपर्यंत माल घेऊन जाई. माल म्हणजे छापलेले कागद : मेरीमाता, संत, येशूच्या यातना, नाचणारे शेतकरी, भाल्याला टेकलेले शिपाई. युरोपच्या कलेतले एक थोर नाव सासू-सुनेच्या विक्रीवर उभे होते, हे कलेच्या इतिहासाची पुस्तके सहसा ओझरतेच सांगतात.

खरे तर मुद्दा तिथेच आहे. त्याआधी चित्र म्हणजे सांगून करून घ्यायची वस्तू होती. सरदाराने, मठाने किंवा व्यापारी संघाने करार करायचा. निळा रंग किती महागाचा, सोन्याचा वर्ख किती, देणगीदाराचा चेहरा कोणत्या कोपऱ्यात, सगळे आधी ठरायचे आणि मग चित्रकार कुंचला उचलायचा. छापील चित्राने हा क्रम उलटा केला. चित्र आधी तयार व्हायचे आणि मग ते गिऱ्हाइकाच्या शोधात निघायचे. ते गिऱ्हाईक कोण, कुठले, त्याला काय आवडेल, याचा अंदाज चित्रकारालाच बांधावा लागे. अंदाज चुकला तर कागद अंगावर पडत.

कागदावाचून हे काही शक्य नव्हते. आल्प्सच्या उत्तरेला कागद बराच काळ बाहेरून येत असे. 1390 मध्ये उल्मान श्ट्रोमर या व्यापाऱ्याने न्यूरेम्बर्गच्या वेशीबाहेर कागदाची गिरणी सुरू केली. जर्मनीतली ती पहिली मानली जाते. जुन्या चिंध्या कुजवून, कुटून केलेला हा कागद कातड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होता. त्यानंतरच्या काही दशकांतच लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे दिसू लागतात. गुटेनबर्गच्या आधीची ही गोष्ट. युरोपात छापील शब्दाच्या आधी छापील चित्र सामान्य माणसाच्या हाती आले.

लाकडी ठशाची रीत सोपी, पण कष्टाची. गुळगुळीत केलेल्या फळीवर, बहुधा नासपतीच्या लाकडाच्या, चित्रकार शाईने रेषा काढी. कोरणारा कारागीर रेषांच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी. उठून राहिलेल्या रेषेला शाई लावली, वर कागद दाबला, की झाले. चित्रकार वेगळा, कोरणारा वेगळा आणि पुष्कळदा रंग भरणारा तिसराच. रंगाचे काम साच्यातून भराभर होई; लाल झगा, हिरवी जमीन, पिवळे तेजोवलय, रेषेबाहेर गेले तरी कुणी तक्रार करत नसे. एका ठशातून हजारो प्रती निघत.

तांब्याचा पत्रा हे निराळे प्रकरण. इथे रेष खोलगट. टोकदार पोलादी कोरणीने पत्र्यात चरे काढायचे, त्यांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून काढायचा आणि ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. चऱ्यातली शाई कागद ओढून घेतो. ही विद्या सोनारांची. भांड्यांवर, तलवारींच्या मुठींवर नक्षी कोरणारे हातच कागदाकडे वळले. कोल्मारचा मार्टिन शोनगाउअर सोनाराचा मुलगा, ड्यूररही सोनाराचा मुलगा, आणि बोखोल्ट गावचा इस्राएल फान मेकेनेम तर स्वतःच सोनारकी करणारा. तांब्यावरची रेष केसासारखी बारीक येई, पण पत्रा लवकर झिजे. काहीशे चांगल्या प्रती निघाल्या की रेषा फिक्या पडू लागत. म्हणून तांब्यावरचे चित्र महाग आणि लाकडावरचे स्वस्त.

सुरुवातीचा बाजार संतांचा. 1423 हे साल कोरलेला संत ख्रिस्तोफरचा एक ठसा बुक्सहाइमच्या मठातल्या हस्तलिखिताच्या बांधणीत आतून चिकटवलेला सापडला. आज तो मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. खांद्यावर बाल येशूला घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड ख्रिस्तोफर आणि खाली दोन ओळींचा भरवसा : ज्या दिवशी या संताचे मुख पाहाल त्या दिवशी तुम्हाला दुर्मरण येणार नाही. असे चित्र कपाटात ठेवून कसे चालेल? ते रोज डोळ्यांपुढे हवे. म्हणून लोक ते भिंतीला, दाराला, पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवत. ब्रसेल्सच्या राजसंग्रहालयातल्या एका पंधराव्या शतकातल्या चित्रात देवदूत मेरीला शुभवार्ता सांगायला आला आहे आणि मागे चुलाण्याच्या वर ख्रिस्तोफरचा असाच एक रंगवलेला कागद डकवलेला आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत पेट्रुस क्रिस्तुसने रंगवलेल्या एका तरुणाच्या पाठीमागेही भिंतीवर येशूच्या मुखाचे प्रार्थनेसह छापलेले पान टांगलेले दिसते. धुराने, दमटपणाने, किडीने असले कागद हजारोंनी नाहीसे झाले. उरले ते मुख्यतः पुस्तकांच्या पुठ्ठ्यात दडून बसलेले.

यात्रा हा या धंद्याचा कणा होता. स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न मठात 1466 मध्ये मोठा उत्सव झाला. देवदूतांनी स्वतः तिथल्या देवळाची प्रतिष्ठा केली, अशी श्रद्धा. त्या निमित्ताने एका कोरक्याने तिथल्या मेरीची चित्रे लहानमोठ्या आकारांत काढली. मोठे पान ऐपतदारासाठी, छोटे गरिबासाठी. या कोरक्याचे नावही आपल्याला माहीत नाही. काही पानांवर ‘ई एस’ एवढी दोन अक्षरे आहेत, म्हणून अभ्यासक त्याला मास्टर ई. एस. म्हणतात.

नाव न सांगणाऱ्या या कारागिरांच्या पुढच्या पिढीत इस्राएल फान मेकेनेम उभा आहे आणि त्याला नाव सांगायचा अजिबात संकोच नव्हता. सहाशेहून अधिक ताम्रचित्रे त्याच्या नावावर आहेत. त्यांतली बहुसंख्य दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला आहेत. मास्टर ई. एस. मेल्यावर त्याचे पत्रे मिळवून, त्यांची डागडुजी करून मेकेनेमने त्यांवर स्वतःचे नाव घातले. शोनगाउअर त्याने उतरवला, थोरला होल्बाइन उतरवला, नुकता कुठे नाव कमवू लागलेला ड्यूररही उतरवला. त्याला चोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तसे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. नक्कल करणे त्या काळी गुन्हा नव्हता, आणि मेकेनेमला बाजार कळत होता.

त्याचा सगळ्यात धाडसी माल संत ग्रेगरीच्या चित्राचा. पोप ग्रेगरी प्रार्थना करत असताना वेदीवर येशू प्रकट झाला, ही कथा. चित्रापुढे ठरलेल्या प्रार्थना म्हटल्या की मरणानंतर पापशुद्धीसाठी भोगायच्या शिक्षेत वीस हजार वर्षांची सूट मिळेल, असे मेकेनेमने खाली कोरले. या सवलतीला चर्चची मान्यता नव्हती. पुढे त्याच पत्र्यावर त्याने आकडा खरवडून पंचेचाळीस हजार केला. विक्री मंदावली होती की स्पर्धकाने जास्त वर्षे देऊ केली होती, कोण जाणे! 

याच मेकेनेमने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत घरगुती प्रसंगांची बारा चित्रांची मालिका काढली. जोडपी पत्ते खेळताहेत, वाजवताहेत, बिछान्याच्या कडेला बसली आहेत. एका चित्रात बायकोने चातीची काठी उगारून नवऱ्याला खाली पाडले आहे आणि जमिनीवर पडलेल्या विजारीवर तिचा डोळा आहे. घरात विजार कोणी घालायची, हा त्या काळचा चावट विषय. इथे संत नाही, पुण्य नाही. ही पाने करमणुकीसाठी विकत घेतली जात. स्वतःचे आणि बायको ईडाचे चित्रही त्याने कोरून छापले. छापील चित्रांतले ते पहिले आत्मचित्र समजले जाते.

ड्यूरर या बाजारात उतरला तेव्हा त्याच्या हाताशी तीन गोष्टी होत्या. बापाकडून आलेली कोरणी. मिखाएल वोल्गेमुट या गुरूच्या कारखान्यात पाहिलेली ठशांची मोठी कामे. आणि अँटोन कोबेर्गर हा धर्मपिता, जो जर्मनीतला बडा मुद्रक-प्रकाशक होता. वोल्गेमुट आणि कोबेर्गर यांचे ‘न्यूरेम्बर्ग इतिवृत्त’ 1493 मध्ये निघाले. त्यात अठराशेहून अधिक चित्रे आहेत, पण ठसे साडेसहाशेच्या आतच. एकच राजा वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या शतकांत पुन्हा पुन्हा भेटतो, एकच शहर चार देशांत वसते. वाचकांनी कुरकूर केल्याचे दिसत नाही.

1498 मध्ये ड्यूररने ‘जगबुडी’ची, म्हणजे बायबलच्या अखेरच्या ग्रंथातल्या प्रलयाची, पंधरा मोठी काष्ठचित्रे स्वतःच प्रकाशित केली, एकदा जर्मन मजकुरासह, एकदा लॅटिनसह. शतक संपत आले होते, जगाचा अंत जवळ आल्याच्या वावड्या होत्या आणि चार घोडेस्वारांच्या टापांखाली राजा, भिक्षू, बाई सगळे चिरडले जात होते. चित्रकाराने स्वतः प्रकाशक होऊन असा ग्रंथ बाजारात आणणे ही नवी गोष्ट होती. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने कुन्त्स श्वाइत्सर नावाच्या माणसाशी करार केला होता : आठवड्याच्या पगारावर त्याने ड्यूररची चित्रे घेऊन गावोगावी, देशोदेशी फिरायचे आणि चांगल्यात चांगल्या भावाने विकायची. फिरता विक्रेताच तो. असा एक माणूस रोममध्ये मरण पावला आणि सोबतचा माल बुडाला, याची नोंद ड्यूररने हळहळत करून ठेवली आहे.

तरी हा धंदा फायद्याचा होता, हे त्याला पक्के माहीत होते. फ्रांकफुर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी तो एक वेदीचित्र करत होता. आधी ठरलेली रक्कम कमी पडू लागली, पत्रापत्री वाढली, शेवटी दोनशे फ्लोरिन या सोन्याच्या नाण्यांवर तडजोड झाली. 1509 च्या पत्रात ड्यूररने सरळ लिहिले, की इतके बारीक रंगकाम करून पोट भरत नाही. मी आता कोरणीकडेच वळतो. आधीपासून तेवढेच केले असते तर आज हजार फ्लोरिनने अधिक श्रीमंत असतो.

हा हिशेब पडताळून पाहता येतो, कारण 1520-21 च्या नेदरलँड्सच्या प्रवासात त्याने ठेवलेली रोजकीर्द आपल्यापर्यंत आली आहे. कोणाकडे जेवलो, कशावर किती खर्चले, कोणाला कोणते चित्र भेट दिले, जुगारात किती हरलो, सगळे त्यात आहे. अँटवर्पमध्ये झेबाल्ट फिशर याने त्याच्याकडून ‘लघु यातनामाला’चे सोळा संच चार फ्लोरिनला घेतले. छत्तीस-सदतीस चित्रांची माला, एक संच पाव फ्लोरिनला! सुटी पाने आकारानुसार : मोठी आठ, अर्धी वीस आणि पाव आकाराची पंचेचाळीस पाने एका फ्लोरिनला. भाव आकारावर ठरतो आहे. चित्रात काय आहे आणि ते किती सुंदर आहे याचा संबंध नाही. म्हणजे हेलरच्या एका वेदीचित्राच्या मोलात या दराने छोटी नऊ हजार पाने आली असती. वेदीचित्र मात्र एकाच चर्चमध्ये लागले असते.

याच प्रवासात अँटवर्पला लायडनच्या लुकासची भेट झाली. वयाने वीसेक वर्षांनी लहान, पण ताम्रचित्रांत ड्यूररच्या तोडीचा. त्याने 1510 मध्ये काढलेली गाई आणि गवळण ही साधी दोन-तीन आकृत्यांची चौकट आजही ताजी वाटते. दोघांनी मालाची अदलाबदल केली : आठ फ्लोरिनची आपली चित्रे देऊन ड्यूररने लुकासची सगळी ताम्रचित्रे घेतली. दोन कलावंतांमधला हा व्यवहार रोजकीर्दीत एका ओळीत उरकला आहे.

‘ए’च्या पायांमध्ये ‘डी’ बसवलेली ड्यूररची खूण या साऱ्या व्यवहाराचा पाया होती. गिऱ्हाईक दूरदेशी, चित्रकाराला त्याने कधी पाहिलेले नाही. त्याला खात्री देते ती ही खूण. आणि खात्री जिथे विकली जाते तिथे खोटी खूणही येतेच. इटलीचा मार्कान्तोनियो राइमोंदी याने ड्यूररची ‘मेरीचरित्रा’ची काष्ठचित्रे तांब्यावर उतरवली, खुणेसकट. ड्यूरर चिडून व्हेनिसला गेला, तिथल्या सरकारने निकाल दिला की नक्कल करा, पण खूण वापरू नका, अशी कथा कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने रंगवून सांगितली आहे. तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. न्यूरेम्बर्गच्या निकालाला मात्र तो आहे. 1512 च्या जानेवारीत नगर परिषदेने नगरभवनापाशी चित्रे विकणाऱ्या एका परदेशी माणसाला बजावले, की ड्यूररची खोटी खूण काढून टाक, नाहीतर माल जप्त होईल. चित्रे तशीच विकायला हरकत नव्हती! आधीच्याच वर्षी ड्यूररने ‘मेरीचरित्रा’च्या शेवटी सम्राट मॅक्सिमिलियनचा हवाला देऊन दुसऱ्याच्या श्रमावर डल्ला मारणाऱ्यांना कडक शब्दांत धमकावले होते. परिषदेने खूण वाचवली, चित्र वाचवले नाही. आजच्या बौद्धिक संपदेच्या वकिलांनी या निकालाकडे एकदा जरूर पाहावे.

ड्यूररच्या सर्वांत गाजलेल्या काष्ठचित्राचा उगम आपल्याकडचा आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवून राजा मानुएलकडे धाडला. जानेवारी 1515 मध्ये निघालेले जहाज 20 मे रोजी लिस्बनला लागले. रोमन साम्राज्यानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. एका पत्रासोबत गेंड्याचे रेखाटन न्यूरेम्बर्गला पोचले आणि त्याच वर्षी, गेंडा कधीही न पाहता, ड्यूररने त्याचा ठसा काढला. कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले, पायांवर खवले आले, खांद्यावर एक जादा शिंग उगवले, आणि वरच्या मजकुरात गेंडा आल्याचे साल 1513 असे चुकीचे पडले. बिचारा गेंडा पोपला नजर करायला इटलीकडे नेताना 1516 च्या सुरुवातीला जहाजासह बुडाला. कागदावरचा गेंडा मात्र पोहत राहिला. ड्यूररच्या हयातीत त्याच्या चार-पाच हजार प्रती खपल्या असाव्यात असा अंदाज आहे. आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही त्याच वर्षी गेंडा छापला होता. त्याचा गेंडा कितीतरी खरा आहे, पायांना दोरीही बांधलेली आहे. त्याची एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाच्या आल्बर्टिनात. लोकांनी चिलखतवाला निवडला आणि पुढची दोनेकशे वर्षे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतही तोच चालला. बाजाराला खरेपणापेक्षा ठसठशीतपणा आवडतो, याचा इतका नामी पुरावा क्वचितच मिळेल.

ड्यूररच्या सावलीत वाढलेले लोक अधिक धीट निघाले. 1525 च्या जानेवारीत झेबाल्ट बेहाम, त्याचा भाऊ बार्थेल आणि गेओर्ग पेंट्स या तीन तरुण चित्रकारांना नगर परिषदेपुढे उभे केले गेले. बाप्तिस्मा मानता का, धर्मग्रंथ मानता का, नगराची सत्ता मानता का, या प्रश्नांवर त्यांनी बेधडक नकार दिले. ‘देवहीन चित्रकार’ म्हणून त्यांना शहराबाहेर काढले गेले; त्याच वर्षी ते परतही आले. 1528 मध्ये ड्यूरर गेला आणि काही महिन्यांतच झेबाल्ट पुन्हा अडचणीत आला. ड्यूररचा मानवी प्रमाणांवरचा ग्रंथ छापून व्हायचा होता. तो बाहेर येईपर्यंत झेबाल्टने आणि ठसेकार हिरोनिमस आंड्रेए याने त्या विषयावर काही छापू नये, असा हुकूम निघाला. विधवा आग्नेसचे हित परिषदेने जपले. झेबाल्ट पुढे फ्रांकफुर्टला जाऊन राहिला.

बेहाम बंधू आणि त्यांचे सोबती यांना ‘छोटे उस्ताद’ म्हणतात, कारण त्यांची ताम्रचित्रे तळहाताहून लहान असत. आदम-ईव्ह, बायबलमधल्या धीट बायका, ग्रीक देवता, त्यांतल्या पुष्कळ विवस्त्र. वहीत चिकटवून निवांतपणे एकट्याने पाहायचा हा माल. उलट झेबाल्टची काष्ठचित्रे भिंत व्यापणारी. 1535 ची त्याची ‘मोठी जत्रा’ चार ठशांवरून छापून जोडलेली, मीटरभराहून लांब आहे. खेड्यातले लग्न, नाच, दारू, ओकाऱ्या, मारामारी, सगळे एका पट्ट्यात. दहाच वर्षांपूर्वी जर्मनीतल्या शेतकऱ्यांचे बंड हजारोंच्या कत्तलीने चिरडले गेले होते. आता शहरातला माणूस त्याच शेतकऱ्याला भिंतीवर लावून हसत होता, की स्वतःच्या आठवणीतल्या गावाकडे मायेने पाहत होता? यावर अभ्यासकांची जोरदार भांडणे झाली आहेत. चित्र पाहिल्यावर वाटते, की दोन्ही गिऱ्हाइके दुकानात येत असणार आणि झेबाल्टला दोघांचेही पैसे चालत असणार.

या स्वस्त मालाचे प्रकाशक हा एक स्वतंत्र वर्ग न्यूरेम्बर्गमध्ये तयार झाला. हान्स गुल्डेनमुंड आणि निक्लास मेल्डेमान ही त्यांतली ठळक नावे. चित्रकाराकडून रेखाटन घ्यायचे, ठसेकाराकडून कोरून घ्यायचे, वर चार ओळींचे पद्य जोडायचे आणि सुटे पान विकायचे. 1529 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला आणि बातमीची भूक भागवायला वेढ्याची, तुर्की घोडेस्वारांची, भाडोत्री शिपायांची चित्रे निघाली. मेल्डेमानने 1530 मध्ये वेढ्यातल्या व्हिएन्नाचा प्रचंड गोलाकार नकाशाच काढला. लांब पिसांच्या टोप्या, चिरफाळलेल्या बाह्या, मांड्यांवर आवळलेल्या रंगीत विजारी अशा थाटात उभे शिपाई एकेका पानावर एकेक मिळत. आवडेल तो घ्या, जमवत जा.

पद्य लिहिणाऱ्यांत चांभार-कवी हान्स झाक्स होता. 1527 मध्ये गुल्डेनमुंडने पोपशाहीच्या विनाशाचे भाकीत सांगणारी एक पुस्तिका काढली. चित्रे तीस, गद्य धर्मोपदेशक ओसिआंडरचे, पद्य झाक्सचे. न्यूरेम्बर्ग तोवर धर्मसुधारक लूथरच्या बाजूने गेले होते, पण सम्राटाला दुखवणे परवडणारे नव्हते. परिषदेने पुस्तिका आणि ठसे ताब्यात घेतले आणि झाक्सला सांगितले, की तू आपले जोडे शिव, लिहिण्याच्या भानगडीत पडू नको. झाक्सने जोडेही शिवले आणि लिहिलेही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळते, हे सत्ताधाऱ्यांना नीट ठाऊक होते. विटेनबर्गमध्ये लुकास क्रानाखच्या कारखान्याने 1521 मध्ये एका बाजूला काटेरी मुकुटाचा येशू आणि समोरच्या पानावर तिहेरी मुकुटाचा पोप अशा तेरा जोड्या छापल्या होत्या. पोपविरोधाचा इतका थेट प्रचार कोणत्याही प्रवचनाला जमला नसता.

शतकाच्या मध्यावर बाजाराचे केंद्र अँटवर्पला सरकले. चित्रे विकायला बांधीव जागा तिथे 1460 पासून होती, कॅथीड्रलच्या मालकीची. 1540 मध्ये नव्या बोर्स इमारतीच्या वरच्या मजल्यावर चित्रकारांचे गाळे आले. खाली मिऱ्यांचे आणि हुंड्यांचे सौदे, वर चित्रांचे. 1548 च्या सुमारास हिरोनिमस कॉक आणि त्याची बायको फोल्क्सकेन दिरिक्स यांनी ‘चार वारे’ नावाचे दुकान-छापखाना काढला. पीटर ब्रूगेल तिथे रेखाटने करून देई; कोरायचे दुसरे लोक. 1556 मध्ये त्याने ‘मोठा मासा छोट्या माशांना खातो’ हे चित्र काढले. सुरीने फाडलेल्या अजस्र माशाच्या पोटातून, तोंडातून मासेच मासे ओसंडताहेत. पुढच्या वर्षी कॉकने ते छापले, तेव्हा खाली चित्रकार म्हणून नाव घातले हिरोनिमस बॉशचे! बॉश चाळीस वर्षांपूर्वीच वारला होता. पण त्याचे नाव खपत होते, ब्रूगेलचे अजून व्हायचे होते. छोट्या माशाने मोठ्या माशाचे नाव लावले, एवढेच. पुढे ब्रूगेलचेच नाव चालू लागले आणि त्याची सही असलेली बनावट रेखाटने निघाली.

कॉक 1570 मध्ये वारला. फोल्क्सकेनने त्यानंतर तीस वर्षे, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ‘चार वारे’ चालवले.

या सगळ्या मालाचा पहिला मोठा संग्राहक कलावंत नव्हता. क्रिस्तोफर कोलंबसचा मुलगा एर्नांदो कोलोन हा पुस्तकवेडा. युरोपभर फिरून, न्यूरेम्बर्गलाही थांबून, त्याने पुस्तकांबरोबर छापचित्रेही गोळा केली. एकच चित्र दोनदा विकत घेतले जाऊ नये म्हणून त्याने यादीची अजब पद्धत काढली. आधी कागदाचा आकार. मग विषय माणसांचा, प्राण्यांचा, निर्जीव वस्तूंचा की स्थळांचा. माणसांचा असेल तर बाई की पुरुष, संत की संसारी, कपड्यातला की उघडा. आणि शेवटी चित्रात आकृत्या किती. दुकानात हाती आलेले चित्र आपल्याकडे आहे की नाही, हे माणसे मोजून ठरवायचे. त्याच्या यादीत तीन हजार दोनशे चार चित्रे आहेत. तो 1539 मध्ये वारला. यादी सेविलाच्या ग्रंथालयात शाबूत आहे. चित्रांचा संग्रह पूर्ण पांगला, आणि यादीतल्या कित्येक चित्रांची आज जगात एकही प्रत सापडत नाही.

या बाजारातून जे उरले ते पाहायला आता युरोप गाठायची गरज नाही. ॲमस्टरडॅमचे राइक्स म्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांनी आपापली हजारो छापचित्रे संकेतस्थळांवर मोठ्या आकारात फुकट खुली केली आहेत. ड्यूररचा गेंडा काढा आणि त्याच्या दोन-चार प्रती शेजारी ठेवा. उशिरा छापलेल्या प्रतींत गेंड्याच्या पायांतून आडवी पांढरी रेघ गेलेली दिसेल : फळी तडकली होती, आणि तरीही मागणी असल्यामुळे छपाई चालूच होती.